वाचकांचे प्रश्न: समोर कोणीच नसेल तेव्हा

प्रश्न: अरुणाचल प्रदेशात २०२४ साली मुख्यमंत्री पेमा खांडू मुक्तो मतदारसंघातून मतदान न होताच आमदार झाले. तिथल्या लोकांना निदान ‘नोटा’ तरी मिळायला नको होता का?

उत्तर: मिळायला हवा होता, असं आमचं स्पष्ट मत आहे, पण कायद्यात ती सोय नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ५३ नुसार माघारीची मुदत संपल्यावर एकच उमेदवार उरला, तर निवडणूक निर्णय अधिकारी त्याला लगेच विजयी घोषित करतो. मतदानच नाही, त्यामुळे ‘नोटा’ही नाही. त्या वर्षी अरुणाचलात ६० पैकी १० जागा अशा गेल्या. १९ एप्रिलला त्या दहाही ठिकाणी लोक केंद्रावर आले, पण फक्त लोकसभेचं मत देऊन परतले.

प्रश्न: आमच्या विद्यमान आमदारांसमोर कोणी उभं राहायला तयार नाही. अपक्ष म्हणून अर्ज भरायचा आहे. तो छाननीत बाद होऊ नये म्हणून काय पाहावं?

उत्तर: सर्वात आधी सूचक, म्हणजे तुमचं नाव सुचवून अर्जावर सही करणारे मतदार. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि दहाही जण त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. त्यांचे यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक ताज्या मतदार यादीवरूनच लिहा. अंगठा लावणाऱ्या सूचकाला निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर न्यावं लागतं. घरी घेतलेला अंगठा चालत नाही. २०२४ मध्ये सुरतेत काँग्रेस उमेदवाराच्या सूचकांनी ‘सही आमची नाही’ असं सांगितलं आणि अर्ज बाद झाला. पुढे बाकीच्यांनी माघार घेतल्यावर लोकसभेची ती जागा बिनविरोध गेली. म्हणून ओळखीचे, दबावाला न बधणारे सूचकच निवडा. अर्जाचे चार संच भरता येतात. प्रत्येकाला वेगळे दहा सूचक द्या, म्हणजे एक फुटला तरी सगळं कोसळणार नाही. अनामत मात्र एकदाच: १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला ५,०००.

नमुना २६ च्या शपथपत्रात (गुन्हे, मालमत्ता, शिक्षण यांची माहिती यात द्यायची असते) एकही रकाना कोरा ठेवू नका. ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. उमेदवाराची राज्यघटनेशी निष्ठेची शपथ ही वेगळी गोष्ट. ती अर्ज दिल्यानंतर, पण छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत घ्यायची असते. शेवटच्या दिवशी धावतपळत अर्ज देणारे नेमके हेच विसरतात.

छाननीला स्वतः हजर राहा. कोणी हरकत घेतली तर उत्तरासाठी वेळ मागा. छाननीच्या तारखेनंतर दोन दिवसांपर्यंत तो मिळू शकतो. नावातली किरकोळ चूक अर्ज फेटाळण्याइतकी गंभीर नसते, त्याच १९५१ च्या कायद्याचं कलम ३६(४) तसं सांगतं. तरीही फेटाळलाच, तर लेखी कारण घ्या. निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते आणि एकही अर्ज चुकीने फेटाळल्याचं सिद्ध झालं, तर तेवढ्यावर अख्खी निवडणूक रद्द होते.

माघारीच्या अर्जावर मात्र विचार करूनच सही करा. एकदा दिलेली माघार परत घेता येत नाही.