सगळ्यात पुढे पळूनही बंटी बाद का झाला?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: ओहायोत राहता, मुलीच्या हट्टापायी बीगल घेतला, आणि शेजाऱ्याच्या नादाने त्याला सशाचा माग काढायच्या स्पर्धेत उतरवलं. सात कुत्र्यांत बंटी सतत पुढे होता, सगळ्यांत जास्त ओरडत होता, आणि पहिल्याच फेरीत पंचांनी त्याला उचलून न्यायला सांगितलं. वर निवडला गेला तो मागून रमतगमत येणारा एक मध्यमवयीन कुत्रा. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘आमच्या आजोबांच्या कारवानीने अशा कुत्र्याला धूळ चारली असती.’

सगळा घोळ त्या कारवानीतच आहे. माझं आजोळ जतकडचं, त्यामुळे तुमच्या डोळ्यांपुढे काय चित्र असेल ते कळतं. कारवानी हा आपल्याकडचा शिकारी कुत्रा, नजरेचा. ससा दिसला की सुटला, तोंडातून चकार शब्द नाही, आणि जो आधी गाठेल तो खरा. (ती शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद झाली, चांगलंच झालं.) बीगल हा नाकाचा कुत्रा. बहुतेक वेळ त्याला ससा दिसतच नाही. ससा गेला त्या वाटेवरचा, गवताला आणि मातीला लागलेला वास उलगडत तो जातो आणि उलगडतोय हे ओरडून सांगत जातो. शंकरपटासारखं इथे घड्याळ नाही, शेवटची रेघही नाही. सशाचा माग पुढे कुणी नेला, एवढंच बघतात. स्वतः पुढे असणं वेगळं आणि माग पुढे नेणं वेगळं.

आधी एक शंका मिटवतो, कारण माझ्या आईने पहिल्यांदा हेच विचारलं होतं. ससा मारत नाहीत. बंदूक रोखलेली नसते; काही प्रकारच्या स्पर्धांत कुत्रा बंदुकीच्या बाराला बुजतो का हे बघायला हवेत एखादा बार काढतात, तेवढंच. इकडचा कॉटनटेल ससा आपल्या ओळखीच्या टापूतच मोठा वळसा घालून परत येतो, नाहीतर बिळात शिरतो. तो बिळात गेला की ती धाव संपली, दुसरा ससा शोधायचा. क्लबवाले आपल्या रानात झुडपं तोडून ढीग रचून ठेवतात, सशांना लपायला. ज्याच्यावर खेळ चालतो त्याची बडदास्त ठेवावीच लागते.

आता नियम. तुम्ही गेलात ती अमेरिकन केनेल क्लबच्या नियमांची, लहान कळपाची स्पर्धा दिसते. नर-मादी वेगळे आणि उंचीचे दोन गट, १३ इंचांपर्यंत आणि १३ ते १५ इंच, असे चार वर्ग. १५ च्या वर गेला तर बीगल म्हणून उतरताच येत नाही. चिठ्ठ्या टाकून कळप पाडतात, दोन पंच मागोमाग चालतात. पहिल्या फेरीत ज्यांचं काम दिसलं ते दुसऱ्या फेरीत, त्यातून निवडलेले शेवटच्या कळपात. पंचांच्या वहीत ‘वळण काढलं : पाच गुण’ असा तक्ता नसतो. ते कुत्र्यांची एकमेकांशी तुलना करतात. युनायटेड केनेल क्लब किंवा अमेरिकन रॅबिट हाउंड असोसिएशन या दुसऱ्या संघटनांकडे आकडे मांडून गुण देतात आणि चुकीला वजा करतात; हिशेबी माणसाला ते आवडतं. मला स्वतःला पंचांची नजर जास्त भरवशाची वाटते, पण यावर आमच्या क्लबात जेवणं थंड होईपर्यंत वाद झालेत.

खरी परीक्षा कुठे होते ते सांगतो. ससा सरळ पळतोय तोवर सगळेच कुत्रे हुशार दिसतात. मग तो काटकोनात वळतो. किंवा आल्या पावलीच थोडा मागे येऊन बाजूला उडी मारतो. किंवा कोरड्या खडीच्या रस्त्यावरून जातो, जिथे वास धरतच नाही. माग तुटतो. इकडे याला ‘चेक’ म्हणतात, आणि पंच वही उघडतात ते इथेच. चांगला कुत्रा वास संपल्याबरोबर गप्प होतो. जिथे शेवटचा वास मिळाला तिथेच नाक खाली घालून आधी लहान घेर घेतो, नाही सापडलं तर थोडा मोठा. सापडलं की एकदाच खणखणीत आवाज देतो, आणि बाकीचे त्या आवाजावर धावत येतात. त्या एका आवाजाची किंमत मैलभर पुढे पळण्याहून जास्त.

तुमचा व्हिडिओ मी तीन वेळा पाहिला. ओढ्याच्या काठी ससा डावीकडे वळलाय. बंटी वेगात होता म्हणून सरळ पंधरा-वीस पावलं पुढे गेला, आणि तिथेही ओरडतच राहिला. पाच कुत्रे त्याच्यावर विश्वास ठेवून तिकडे गेले. तो ‘रमतगमत’ येणारा मात्र वळणावरच थांबला, दोन घेर घेतले आणि डाव्या बाजूने आवाज दिला. असं तीनदा झालंय. तीनही वेळा ससा त्यानेच परत मिळवून दिला आणि बंटीने परत पुढे धाव घेतली. आता तुम्हीच पंच व्हा आणि सांगा.

नियमपुस्तकात या खोडींना नावं आहेत. वळण ओलांडून नुसत्या पायाच्या जोरावर इतरांना मागे टाकणं हा एक दोष. वास नसताना ओरडणं हा दुसरा, आणि तो पहिल्याहून वाईट, कारण कळपातल्या इतरांनी कशावर भरवसा ठेवायचा? आपल्याकडे भजनात एखादा भलत्याच मात्रेवर टाळ वाजवतो आणि शेजारचे दोघे चुकतात, तसं. उलट टोकाचा मुका कुत्राही चालत नाही; माग पुढे नेतोय पण सांगत नाही, तर तो एकट्यासाठीच धावतोय. काटेरी जाळी टाळून बाहेरून वळसा घालायचा आणि कष्ट करणाऱ्यांच्या पुढे जाऊन माग पकडायचा, ही लबाडी पंचांना लांबूनही कळते. माग उलट्या दिशेने काढणं मोठा दोष, पण त्यात एक सवलत आहे: कधी कधी माणसंच कुत्र्याला चुकीच्या दिशेने मागावर घालतात, तेव्हा थोडं समजून घेतात. प्रयत्न सोडून देण्याला मात्र फार कडक शिक्षा असते. दमलेल्या कुत्र्याला क्षमा मिळते तीसुद्धा तो इतरांपेक्षा बराच जास्त वेळ धावला असेल तर. हरणामागे गेला तर विषयच संपला.

एक दोष मी घरी भोगलाय. माझी बीगल कुत्री, तारा, मुळात नसलेलाच माग काढायची. नाक जमिनीला, शेपटीचा पंखा, गळ्यातून सुरेल आवाज, आणि खाली काहीच नाही! बघणाऱ्यांना वाटावं, काय कुत्री आहे. एका म्हाताऱ्या पंचांना संशय आला. त्यांनी काही न बोलता बाकीच्यांना थांबवलं आणि तिला एकटीला चालू दिलं. ती शंभर पावलं गेली, ओरडत, आणि एका कुंपणाशी येऊन आमच्याकडे बघत उभी राहिली. दावा सिद्ध करायला लावणं हा पंचांचा हक्कच आहे. मी त्या दिवशी जेवायला न थांबता घरी आलो.

पदवीसाठी नंबरावर मिळणाऱ्या गुणांचं गणित सोपं आहे. वर्गात जितके कुत्रे उतरले तितके गुण पहिल्याला, त्याचे अर्धे दुसऱ्याला, तिसरा हिस्सा तिसऱ्याला, चौथा हिस्सा चौथ्याला. म्हणजे ३० कुत्रे असतील तर ३०, १५, १० आणि साडेसात. ‘फील्ड चॅम्पियन’ ही पदवी मिळवायला १२० गुण लागतात आणि त्यात तीन वेळा पहिला नंबर हवा. नुसतं दुसरं-तिसरं येऊन कितीही गुण साठवले तरी पदवी नाही. या अटीवर लोक कुरकुरतात, मला ती रास्त वाटते.

आता तुमचा खरा आक्षेप: ‘मग हळू कुत्र्यांचीच चलती का?’ हा प्रश्न जुना आहे आणि त्यावरून हा खेळ एकदा फुटलाही आहे. या स्पर्धा १८९० पासून चालू आहेत, पहिली मॅसॅच्युसेट्समध्ये हायॅनिसला झाली. बराच काळ मुख्य प्रकार होता जोडीचा, दोन-दोन कुत्रे एका सशावर. दोघांतच निवड करायची म्हटल्यावर पंच वळण चुकणाऱ्याला बाद करू लागले. मग न चुकणारे निवडले गेले, त्यांचीच पैदास झाली. न चुकण्याचा सोपा उपाय म्हणजे हळू चालणं. पिढ्यानुपिढ्या ते इतके संथ झाले की एकेका पावलाचा वास घेत, ओरडत, जागच्या जागी चालायचे. शिकारी लोक त्यांना चेष्टेने ‘वॉकी-टॉकी’ म्हणायचे: चालतो आणि बोलतो! ससा बिचारा पुढे बसून वाट बघायचा. बंदूक घेऊन रानात जाणाऱ्याला असा कुत्रा काय कामाचा? त्या वैतागातून लहान कळपाच्या स्पर्धा वाढल्या, वेगळ्या संघटनाही निघाल्या. उत्तरेकडे, बर्फातल्या मोठ्या सशावर सगळा वर्ग एकदम सोडतात, कुत्र्यांच्या अंगावर दोन्ही बाजूंनी आकडे रंगवून. तिथे पायात जोर नसेल तर तासाभरात मागे पडतो.

तेव्हा आजच्या नियमात संथपणा हाही दोषच आहे. मागावर घुटमळणं, पुढे जायची इच्छा नसणं, याला वेगळं नाव आणि वेगळी शिक्षा आहे. सशाच्या नुसतं मागून चालायचं नाही, पाठलाग करायचा, पण माग हातचा न सोडता. तो मध्यमवयीन कुत्रा तुम्हाला संथ वाटला कारण बंटी भरधाव होता. सरळ पट्ट्यावर बघा, तो मागे पडलेला नाही.

बंटीचं काय करायचं? तो जेमतेम दोन वर्षांचा आहे, नाक उत्तम आहे, जिद्द आहे. त्याला दोन महिने एकटाच सोडा. सोबत कुणी नसलं की शर्यत कुणाशी लावणार? ससा हरवला तर स्वतःच शोधावा लागतो, आणि वळणापाशी परत येण्याची सवय आपोआप लागते. सकाळी दव असताना जा. भर वाऱ्यात आणि कोरड्या दुपारी नवशिक्याला सोडलं तर तो अंदाजाने पळायला शिकतो. माग तुटल्यावर तुम्ही हाका मारू नका, बोटाने दाखवू नका. तुम्ही व्हिडिओत तीनदा ‘बंटी, तिकडे!’ म्हणालात, आणि तिन्ही वेळा ससा दुसरीकडे होता. नंतर त्याला शांत चालीच्या दोन वयस्क कुत्र्यांबरोबर सोडा. आमच्याकडे आणलात तरी चालेल, तारा आता नऊ वर्षांची आहे आणि खोटं बोलायचं तिने कधीच सोडलंय.

आणि हो, फोटोत बंटी १५ इंचांच्या अगदी काठावर दिसतोय. पुढची फी भरण्याआधी त्याची उंची नीट मोजून घ्या.