खिशात छोटा चाकू ठेवला की लोक बिचकतात; तरी ठेवावा का?

प्रश्न असा आहे: 'पार्सल फोडायला, दोरी कापायला, फळ चिरायला रोज लागतो म्हणून मी खिशात घडीचा चाकू ठेवतो. पण ऑफिसात किंवा बाहेर तो काढला की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. काय करावं?'

ठेवा. फक्त कोणता ठेवायचा आणि कसा काढायचा, यावर थोडा विचार करा. स्वयंपाकघरातली सुरी तुमच्या चाकूच्या दुप्पट असते, तिच्याकडे कोणी वळूनही बघत नाही. माणसं बिचकतात ती एका हाताच्या झटक्यात 'खट्' करून उघडणाऱ्या काळ्या पात्याला. म्हणून माझ्या मते कामाच्या जागी पात्यावरच्या खाचेत नख अडकवून, दोन्ही हातांनी सावकाश उघडावा लागणारा चाकूच बरा. लाल मुठीचा स्विस चाकू बहुतेकांना अवजारच वाटतो. शेजारी कात्री आणि स्क्रूड्रायव्हर दिसला की अर्धी शंका तिथेच संपते. मिटल्यावर 58 मिलिमीटर लांबीचा, किल्लीच्या जुडग्यातला नमुना ऑफिसच्या बहुतेक कामांना पुरतो.

अशा चाकूला लॉक, म्हणजे उघडलेलं पातं पक्कं अडकवणारी कळ, नसतो; पाठीतल्या स्प्रिंगच्या ताणावर पातं उघडं राहतं. त्यातच त्याची एक खोड आहे: टोक खुपसायला गेलात किंवा पात्याच्या पाठीवर दाब आला, की पातं थेट बोटांवर मिटतं. त्यामुळे कापायचं ते ओढूनच. भोक पाडायचं असेल तर चाकूतला टोच्या वापरा, आणि त्यालाही लॉक नसतो हे विसरू नका. डबीचं झाकण उचकटायला पातं वापरू नका. टोक मोडतं आणि मोडलेला तुकडा कुठे उडेल ते सांगता येत नाही.

बाहेर काढण्याची रीत अशी ठेवा. आधी खोकं टेबलावर ठेवा, मग चाकू काढा. 'जरा चाकू काढतोय' एवढं सहज म्हणा. कंबरेच्या उंचीला, टोक खाली आणि माणसांपासून दूर ठेवून उघडा. टेपच्या फटीत टोक फक्त 3-4 मिलिमीटर घाला, पातं जवळजवळ आडवं धरा आणि पोटापासून बाजूला ओढा. टोक खोल गेलं की आतली वस्तू चिरते, आणि मग त्या दिवशीची आठी रास्त असते. मोकळा हात पात्याच्या वाटेत नको. काम झालं की लगेच मिटा. मिटताना मूठ बाजूंनी धरा, बोटं खोबणीच्या बाहेर ठेवा, पात्याच्या पाठीवर तळव्यानं दाबा. शेवटच्या टप्प्यात स्प्रिंग पातं जोरात आत ओढते, बहुतेक बोटं तिथेच कापतात. कोणी मागितला तर मिटलेलाच द्या. बोलताना उघडा चाकू हातात घेऊन हातवारे करणं, कंटाळा आला की उघडझाप करत बसणं, ही लोकांच्या नाराजीची खरी कारणं. बाकी तक्रारी त्यापुढे किरकोळ आहेत.

केबल टाय (वायरी बांधायची प्लास्टिकची पट्टी) कापायला पातं काढूच नका, चाकूतली कात्री वापरा. टाय ताणलेला असतो, तुटताच हात सुसाट पुढे जातो.

धार बोथट ठेवून चाकू 'सुरक्षित' होतो असं अनेकांना वाटतं. होतं उलटं. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेला हात निसटला की थांबत नाही. धार लावायला 1000 ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा) दगड आणि दर बाजूला पातं व दगड यांच्यात 15 ते 20 अंशांचा कोन पुरे. कोन नजरेनं जमत नसेल तर सोपा हिशोब करा: पातं 12 मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून 3 ते 4 मिलिमीटर उचलली की कोन बरोबर बसतो. एका बाजूनं घासत राहा, दुसऱ्या बाजूच्या धारेवर बोटाला बारीक खरखर लागली की बाजू बदला. ही खरखर तपासताना बोट धारेच्या लांबीवर फिरवायचं नाही, पाठीकडून धारेकडे आणायचं.

टेपचा गोंद पात्यावर बसतो, तो स्पिरिटनं पुसा. खिशातली धूळ आणि धागे सांध्यात जाऊन पातं जड झालं तर कोमट साबणपाण्यात उघडझाप करून धुवा, पूर्ण वाळवा, सांध्यात खाण्याला चालणाऱ्या खनिज तेलाचा एक थेंब सोडा. खोकी फोडलेल्या पात्यानं न धुता सफरचंद चिरणाऱ्याकडे लोकांनी वाकडं बघितलं तर मी लोकांच्या बाजूनं आहे.

आता हरकतीबद्दल. कामाच्या जागेचा लेखी नियम असेल तर वाद घालू नका, मुकाट्यानं पातं नसलेलं मल्टिटूल (अनेक अवजारं एकत्र असलेलं घडीचं साधन) ठेवा. नियम नसेल तर साहेबांना आधीच दाखवून ठेवा. नंतर कोणी तक्रार केली तर ती नवी बातमी राहत नाही. शेजारच्या एखाद्या सहकाऱ्याला पातं पाहून खरोखर भीती वाटत असेल तर त्यांच्यासमोर कात्रीनं भागवा, त्यात तुमचं काही जात नाही.

बाहेर कायदा बघावाच लागतो, आणि तो देशागणिक बदलतो. ब्रिटनमध्ये 3 इंचांपर्यंतच्या धारेचा, घडीचा, लॉक नसलेला चाकू कारण न देता बाळगता येतो. लॉक असला की ही सूट जाते. जपानमध्ये साधारणपणे 6 सेंटिमीटरपेक्षा मोठं पातं योग्य कारणाशिवाय बाळगणं गुन्हा आहे, आणि त्याहून छोटंही विनाकारण लपवून बाळगलं तर अडचण येऊ शकते. कोणी विचारलं तर 'स्वसंरक्षणासाठी' हे उत्तर देऊ नका. त्या एका शब्दानं अवजाराचं हत्यार होतं, आणि ब्रिटनसारख्या ठिकाणी तेच तुमच्या विरुद्ध जातं. 'पार्सलं फोडायला' हे खरं कारण आहे, तेच सांगा. शाळा, न्यायालय, सभा, दारूची बैठक इथे तो घरीच बरा.

किल्लीच्या जुडग्यातला चाकू विमानतळावर हमखास विसरला जातो. आदल्या रात्रीच काढून, गुंडाळून, चेक-इन करायच्या बॅगेत टाका.