गुंज ओवू नका, बकुळ ओवा

प्रश्न : ताई, आमच्या कुंपणावर गुंजेचा वेल आहे. लालचुटूक बिया बघून हात शिवशिवतात. कानातले करायचेत, पण सुई आत जात नाही. ड्रिल वापरू का? आणि दुसरं म्हणजे, पानंफुलं बघून काहीही केलं तरी शेवटी ते इन्स्टाग्रामवरच्यासारखंच दिसतं. काय चुकतंय?
– एक वाचक, दापोली

उत्तर : ड्रिल नको आणि गुंजही नको. गुंजेत अ‍ॅब्रिन नावाचं जहाल विष असतं. कवच शाबूत आहे तोवर ते आत कोंडलेलं राहतं, म्हणून तर सोनार पिढ्यान्‌पिढ्या गुंजा तराजूत टाकत आले. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. पण भोक पाडलंत की कवच गेलं, भुकटी हाताला लागली, आणि घरात रांगतं मूल असेल तर माळ तोंडात जायला कितीसा वेळ लागतो? लालच हवं असेल तर रतनगुंज घ्या. ती वेलीला नाही, मोठ्या झाडाच्या शेंगेत येते. अख्खी लाल, काळा डाग नाही. बी लाकडाच्या खाचेत घट्ट बसवा आणि हातड्रिलला १ मिमीचा बिट लावा. भोक पाडायचाच कंटाळा असेल तर कसई शोधा, म्हणजे वैजयंतीमाळेतले ते राखाडी, चकचकीत मणी. मधली काडी ओढून काढली की आरपार वाट मोकळी. ओवण्याआधी कुठल्याही बिया उन्हात कडक वाळवून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर किडे तुमच्या आधी भोकं पाडतील.

आता दुसरं. तुम्ही अख्खं पान करायला बघता, म्हणून ते सगळ्यांसारखं होतं. आपले जुने दागिने आठवा : बोरमाळ, जोंधळी पोत, चिंचपेटी, चाफेकळी. बोरमाळेत ना बोराचं देठ आहे ना पान. बोराची तेवढी गोलाई घेतली आणि बाकीचं सोडून दिलं. बकुळी हारात फुलाची चक्राकार पाकळी घेतली, ठशावर उमटवली, संपलं. काय सोडायचं ते आधी ठरवा.

एक प्रयोग सांगते. पिंपळाचं पान पाण्यात कुजत ठेवा. पाणी बदलत राहा, वास सहन करा (घरच्यांची माफी आधीच मागून ठेवा). काही आठवड्यांत गर निघून नुसती जाळी उरते. तांब्याचा पातळ पत्रा मंद लाल होईस्तोवर तापवून पाण्यात विझवा, तो मऊ होतो. दोन पत्र्यांमध्ये कोरडी जाळी ठेवा आणि पत्रा लाटून देणाऱ्याकडून एकदाच दाबून रोलरमधून काढून घ्या. शिरा पत्र्यात खोल उमटतात. मग डबीत गरम उकडलेलं अंडं फोडून ठेवा, शेजारी पत्रा ठेवून झाकण लावा. अंड्यातल्या गंधकानं पत्रा काळवंडतो. वरून हलकं घासलं की सपाट भाग उजळतो आणि शिरांमधलं काळं तसंच राहतं. पुढच्या वेळी एकच गोष्ट बदला. मी अळीनं खाल्लेली पानं मुद्दाम गोळा करते. त्या भोकांच्या कडा कुठल्याही कारागिराला सुचणार नाहीत. मात्र कानात जाणारा आकडा तांब्याचा नको, चांदीचाच लावा.

प्रश्न : रेझिनमध्ये घातलेला मोगरा तपकिरी पडतो. उपाय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : फुलात पाण्याचा अंश राहिला की हेच होणार. सिलिका जेलमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या दाण्यांत, पूर्ण वाळवून बघा, पण मोगऱ्याचा पांढरा रंग टिकवणं अवघडच. खरं सांगू? मला रेझिनमधली फुलं आवडत नाहीत. बकुळ घ्या. झाडाखाली पडलेल्या फुलाला मधोमध भोक असतंच, सुईसुद्धा लागत नाही. वाळल्यावर रंग मातकट होतो, पण वास राहतो. तीच फुलं रेझिनमध्ये बुडवलीत की वासाला मुकलात. दोऱ्यात ओवा, मधे एखादा चांदीचा मणी टाका.

प्रश्न : किनाऱ्यावर समुद्रफेस खूप मिळतो. काही करता येईल का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : ओतकामाचा साचा! माकुलाच्या (कटलफिशच्या) पाठीतलं हे हाड इतकं मऊ, की नखानंही कोरता येतं. उभे दोन भाग कापा, कापलेल्या बाजू एकमेकींवर घासून सपाट करा, आकार कोरा, वर नरसाळ्यासारखी वाट ठेवा, तारेनं बांधा. चांदी ९६२ अंशांना वितळते, तेव्हा ओतायला सोनाराच्या भट्टीवरच जा. साचा खडखडीत वाळलेला हवा, ओल असली तर धातू उसळून अंगावर येतो. जळक्या केसांसारखा वास सुटेल. दागिन्यावर मात्र हाडाच्या थरांच्या लाटा जशाच्या तशा उमटतात. त्या कानशीनं घासून काढू नका, त्यांच्यासाठीच तर ही खटपट. त्याच वाळूत समुद्रपंखा किंवा प्रवाळाचा तुकडा दिसला तर तिथंच राहू द्या. बाजारात ‘इंद्रजाल’ म्हणून जे विकलं जातं तेही प्रवाळाच्याच जातीतलं, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते बाळगणंही गुन्हा आहे.