अँजिओटेन्सिन रक्तवाहिन्या आवळतं, तर किडनीचं गाळणं बंद का पडत नाही?

तुम्ही विचारलंय की अंगातलं पाणी कमी झालं की अँजिओटेन्सिन हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं, किडनीतलं रक्त घटतं, मग लघवी लगेच बंद का होत नाही. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. पहिल्या वर्षाची मुलं नेमकी इथेच अडतात.

इतर बहुतेक अवयवांत धमनी, केशवाहिन्या आणि मग शीर असा क्रम असतो. किडनीच्या गाळणीत मात्र केशवाहिन्यांच्या पुंजक्याच्या दोन्ही टोकांना बारीक धमन्याच असतात. एक रक्त आत आणते, दुसरी बाहेर नेते. सगळी किमया या दोन नळांची. आणणारी आवळली तर रक्तही कमी, गाळणंही कमी. नेणारी आवळली तर रक्त कमी वाहतं खरं, पण पुंजक्यातला दाब टिकून राहतो. भोकं पडलेल्या रबरी पाइपचं पुढचं टोक अंगठ्याने दाबून बघा, भोकांतून पाणी जास्त जोरात उडतं.

अँजिओटेन्सिन दोन्ही आवळतं, पण त्याचा जास्त जोर बाहेर नेणारीवर असतो. हेच तुमचं उत्तर. एरवी दोन्ही किडन्यांतून मिनिटाला साधारण 1.1 लिटर रक्त जातं आणि त्यातून सुमारे 125 मिली द्रव गाळला जातो. रक्त बरंच घटलं तरी हा दुसरा आकडा त्या मानाने कमी घसरतो.

पण एवढ्यावर भागत नाही. अँजिओटेन्सिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन (ताणाच्या वेळी सुटणारं संप्रेरक) आत आणणारी धमनीही आवळत असतात. तिला उघडी ठेवतात ती प्रोस्टाग्लँडिन्स नावाची रसायनं. ती किडनीतच तयार होतात आणि तिथल्या तिथे काम करतात. धडधाकट माणसात त्यांचं असणं जाणवतही नाही, पाणी कमी पडलं की सगळी भिस्त त्यांच्यावर.

इंटर्नशिपमधला एक रुग्ण मी विसरलेले नाही. तीन दिवस जुलाब, अंग दुखतं म्हणून स्वतःच घेतलेल्या आयबुप्रोफेनच्या गोळ्या आणि रक्तदाबाची एनालाप्रिल नेहमीसारखी चालूच. आयबुप्रोफेनने प्रोस्टाग्लँडिन्स थांबवली, त्यामुळे आणणारी धमनी आवळली. एनालाप्रिलने अँजिओटेन्सिन तयार होऊ दिलं नाही, त्यामुळे नेणारी सैल पडली. दोन्ही बाजूंनी दाब गेला. लघवीच्या पिशवीत रात्रभरात जेमतेम तळ झाकेल एवढी गडद लघवी जमली होती. सरांनी दोन्ही गोळ्या बंद करून सलाइन लावलं, चौथ्या दिवशी क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ) उतरायला लागलं.

घरात कुणाला रक्तदाबाची अशी गोळी चालू असेल तर जुलाब-उलट्यांत आयबुप्रोफेनसारखं वेदनाशामक देऊ नका, आणि रक्तदाबाच्या गोळीचं काय करायचं ते त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.