कोपर्निकसला नकार देणारे सगळे अडाणी नव्हते

प्रश्न असा आहे: पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे ग्रीक खगोलज्ञ ॲरिस्टार्कसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच सांगितलं, कोपर्निकसने १५४३ मध्ये त्यावर अख्खा ग्रंथ छापला, मग युरोपला ते पटायला एवढा वेळ का लागला? चर्चच आडवं आलं ना?

चर्च आडवं आलं हे खरंच, त्याकडे शेवटी येतो. पण सगळं खापर त्याच्यावर फोडलं की या इतिहासातला सगळ्यात रंगतदार भाग हातचा जातो. नकार देणाऱ्यांत त्या काळातला सर्वोत्तम निरीक्षक होता आणि त्याची मुख्य हरकत मोजमापाची होती.

पृथ्वी फिरत असेल तर जानेवारीत आणि जुलैत आपण अवकाशात दोन वेगळ्या जागी असतो. मग जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांच्या मानाने किंचित सरकलेले दिसायला हवेत. हाच पराशय, म्हणजे पॅरलॅक्स. तो कुणालाही सापडत नव्हता. कोपर्निकसचं म्हणणं, तारे इतके दूर आहेत की सरकणं जाणवतच नाही. ते बरोबर होतं हे आज आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा ती पळवाट वाटली तर नवल नाही. शिवाय त्याने सगळं सोपं केलं हेही अर्धसत्यच. तो वर्तुळांना चिकटून राहिला, त्यामुळे पृथ्वीला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या प्राचीन टॉलेमीसारखी चक्रावर चक्रं त्यालाही लावावी लागली आणि भाकितं काही फारशी सुधारली नाहीत. त्याची खरी ताकद वेगळी होती: मंगळ मध्येच उलटा का चालतो, बुध-शुक्र सूर्याची पाठ का सोडत नाहीत, याची कारणं त्याच्या मांडणीतून आपोआप निघतात.

आता तो सर्वोत्तम निरीक्षक, टायको ब्राहे. डेन्मार्कच्या राजाने दिलेल्या व्हेन बेटावर त्याने उरानीबोर्ग ही वेधशाळा उभारली. दुर्बीण अजून यायची होती. भलीमोठी कोनमापक यंत्रं आणि नुसते डोळे, एवढंच भांडवल. तरी त्याची अचूकता अंशाच्या साठाव्या भागापर्यंत, म्हणजे १ मिनिटाच्या आसपास पोहोचली. १५७२ मध्ये शर्मिष्ठेत दिसलेला नवा तारा आणि १५७७ चा धूमकेतू हे दोन्ही चंद्राच्या पलीकडचे आहेत हे त्याने मोजून दाखवलं. ॲरिस्टॉटलचं कधीही न बदलणारं आकाश त्यानेच मोडीत काढलं, तेव्हा जुन्याला कवटाळून बसणारा म्हणून त्याला उडवून लावता येत नाही.

त्याने हिशेब मांडला तो असा. एवढ्या अचूक यंत्रांनाही पराशय दिसत नाही, तर तारे शनीच्या किमान ७०० पट दूर हवेत. पण तारे डोळ्यांना छोट्या चकतीसारखे दिसतात, आणि मध्यम तेजाच्या ताऱ्याची चकती साधारण १ मिनिटाची भरते. तेवढ्या अंतरावर तेवढी चकती म्हणजे तो तारा पृथ्वीच्या अख्ख्या कक्षेएवढा! सगळे तारे राक्षसी आणि एकटा आपला सूर्य कस्पटासमान. यावर जर्मनीतल्या कासेलचा कोपर्निकसवादी खगोलज्ञ रोथमान म्हणाला, असतील एवढे मोठे, देवाच्या सामर्थ्याला काय अशक्य आहे? म्हणजे आकडे विरोधक मांडतोय आणि देवाचा हवाला सूर्यकेंद्रीवाला देतोय. हा प्रसंग मला फार आवडतो.

चकत्या खोट्या होत्या. तो प्रकाशाचा आणि डोळ्याचा खेळ. चंद्राआड तारा जाताना, म्हणजे त्याचं पिधान, ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत असेल, तारा हळूहळू झाकला जात नाही, फट्कन विझतो. पण हे सगळं उमगायला बराच काळ जायचा होता.

टायकोने मधला मार्ग काढला: पृथ्वी स्थिर, सूर्य तिच्याभोवती, बाकीचे ग्रह सूर्याभोवती. म्हणूनच १६१० मध्ये गॅलिलिओला शुक्राच्या कला दिसल्या, शुक्र सूर्याभोवती फिरतो हे कळलं, तेव्हा टॉलेमी बाद झाला, टायको नाही. गॅलिलिओचा स्वतःचा लाडका पुरावा भरती-ओहोटीचा, आणि तो चुकीचा होता. पुढे १६५१ मध्ये जेझुइट (कॅथलिक संघाचा) पाद्री रिच्चोलीने दोन्ही बाजूंचे मिळून १२६ मुद्दे तपासले आणि कौल पृथ्वी स्थिर असल्याच्या बाजूनेच दिला.

पारडं फिरवलं टायकोचा सहायक राहिलेल्या केप्लरने. टायकोच्याच मंगळाच्या नोंदींशी वर्तुळाचं गणित जुळेना, फरक फक्त ८ मिनिटांचा. त्याने वर्तुळ सोडलं आणि १६०९ मध्ये लंबवर्तुळ मांडलं. त्याच्या भाकिताप्रमाणे १६३१ मध्ये फ्रेंच खगोलज्ञ गासेंदीने पॅरिसहून बुधाला सूर्यबिंबावरून जाताना पाहिलं. त्याची ग्रहांच्या जागांची कोष्टकं बरोबर ठरतात म्हटल्यावर माणसं वळू लागली. १६८७ मध्ये न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचं कारणही दिलं.

थेट पुरावा मात्र त्यानंतरचा. इंग्रज खगोलज्ञ ब्रॅडली पराशय शोधायला बसला आणि हाती लागलं भलतंच: पृथ्वीच्या वेगामुळे ताऱ्यांचं वर्षभरात सुमारे २० सेकंदांचं (कोनाचा सेकंद म्हणजे मिनिटाचा साठावा भाग) डोलणं. हे साल १७२८. खरा पराशय जर्मन खगोलज्ञ बेसेलने १८३८ मध्ये हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्यासाठी मोजला, सुमारे ०.३१ सेकंद. अडीच सेंटिमीटरचं नाणं ८६ मीटरवरून जेवढं दिसतं ती टायकोची मर्यादा; बेसेलच्या कोनासाठी तेच नाणं १६ किलोमीटरवर न्यावं लागेल.

राहिला चर्चचा मुद्दा. १६१६ ची सूर्यकेंद्री मतावरची बंदी आणि १६३३ चा गॅलिलिओवरचा खटला यांचं समर्थन होऊच शकत नाही. वाद पुराव्याने सुटायच्या आधीच तो हुकमाने बंद केला गेला. कोपर्निकस आणि गॅलिलिओची पुस्तकं बंदीच्या यादीतून गेली ती १८३५ च्या आवृत्तीत, म्हणजे बेसेलच्या मोजमापाच्या तीन वर्षं आधी.