१० अँपिअरचा रिले ६ अँपिअरच्या मोटरला का पुरत नाही?

तुम्ही विचारलंय, करवीर तालुक्यातल्या विहिरीवरची १ एचपी सिंगल फेज मोटर ६ अँपिअर घेते, ईएसपी३२ ला (मोबाइलवरून मोटर चालवणाऱ्या वाय-फाय कंट्रोलर चिपला) जोडलेल्या रिले बोर्डवर (रिले म्हणजे छोट्या सिग्नलने चालणारा स्विच) १० अँपिअर लिहिलंय, मग मधे काँटॅक्टरचा, म्हणजे मोटरसाठीच्या मोठ्या विद्युत स्विचचा, खर्च कशाला?

तो १० चा आकडा हीटरसारख्या लोडचा आहे, मोटरचा नाही. मोटर सुरू होताना क्षणभर ३० ते ४० अँपिअर ओढते. नेमका त्याच वेळी रिलेचा पॉइंट (करंट जोडणारा संपर्क) आपटून उसळतो, ठिणगी पडते, पॉइंटचा धातू वितळतो आणि दोन्ही पॉइंट चिकटतात. पहिल्या दिवशी चालतं, महिनाभरही चालतं. म्हणून तर हा वाद मिटत नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात रिवाइंडिंगला आलेल्या अशाच एका मोटरचं पॅनल मी उघडून पाहिलंय. मोबाइलवर मोटर बंद, बोर्डवरचा दिवा विझलेला. पण रिलेच्या कॉइलची वायर काढली तरी कॉमन आणि एनओ (एरवी उघडा असणारा पॉइंट) यांच्या मधे मीटर वाजतच होता, म्हणजे पॉइंट जोडलेलेच होते. विहीर तळाला गेली तरी मोटर कोरडी फिरत राहिली. आधी सील गेलं, मग वाइंडिंग. पॅनल करणारा शेवटपर्यंत कोडला दोष देत होता. कोड बरोबर होता. चिकटलेला पॉइंट कोडने सुटत नाही!

रिलेने फक्त काँटॅक्टरची कॉइल चालवायची. एसी-३ ला (मोटर लोडच्या रेटिंगला) ९ अँपिअरचा, २३० व्होल्ट कॉइलचा काँटॅक्टर घ्या. फेज आधी ओव्हरलोडच्या (जास्त करंट गेला की तोडणाऱ्या रिलेच्या) ९५-९६ या टर्मिनलांमधून, मग बोर्डवरच्या रिलेच्या कॉमन-एनओमधून काँटॅक्टर कॉइलच्या ए१ ला, कॉइलचं दुसरं टोक ए२ न्यूट्रलला. ओव्हरलोड मोटरच्या प्लेटवरच्या अँपिअरला लावा, आणि मोटरचा करंट त्याच्या तिन्ही पोलांतून एकापाठोपाठ फिरवा. एक पोल रिकामा ठेवला तर तो फेज गेला समजून उगाच ट्रिप होतो.

कॉइल सुटताना उठणारा व्होल्टेजचा झटका शोषायला ए१-ए२ वर ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ (मेन्स व्होल्टेजला चालणारा) कपॅसिटर आणि १०० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाका. ही जोडी नसली की काँटॅक्टर सुटताना ईएसपी३२ रीसेट होऊ शकतो आणि लोक पॉवर सप्लाय बदलत बसतात.

रिले बोर्ड लो सिग्नलवर चालणारा (इनपुट शून्याकडे गेला की लागणारा) असेल तर ५ व्होल्टच्या बोर्डला ईएसपी३२ चा ३.३ व्होल्टचा हाय कधीकधी पुरत नाही, रिले सुटतच नाही. बोर्डवरचा जेडी-व्हीसीसीचा (रिले कॉइलच्या सप्लायचा) जंपर काढा, व्हीसीसीला (सिग्नल बाजूच्या सप्लायला) ३.३ व्होल्ट द्या, जेडी-व्हीसीसीला ५. इनपुटवर व्हीसीसीकडे १० किलोओहमचा पुल-अपही (इनपुट हायला धरून ठेवणारा रेझिस्टर) हवा, नाहीतर बूट होताना मोटर झटका मारून सुरू होऊ शकते.

काँटॅक्टरचा १३-१४ (तो लागला की जुळणारा सहायक पॉइंट) ऑप्टोमार्फत (प्रकाशाने सिग्नल देऊन दोन बाजू वेगळ्या ठेवणाऱ्या भागामार्फत) परत ईएसपी३२ ला आणाच. 'बंद' सांगूनही तो लागलेला दिसला, तर मोबाइलवर लगेच कळेल.

एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, हलणारे पॉइंट नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) लावू का, असंही विचाराल. चालतो, पण ६ अँपिअरला ७-८ वॅट उष्णता काढायला हीटसिंक लागतो, आणि बिघडला की बहुतेक शॉर्टच होतो, म्हणजे पुन्हा तीच गोष्ट.

एक मात्र मान्य करतो: व्होल्टेज १९५ च्या खाली गेलं तर काँटॅक्टरही नीट ओढेल याची खात्री नाही. तो खडखडतो आणि त्याचेही पॉइंट जळतात. तुमच्याकडे लाइट आल्या आल्या सगळ्यांच्या मोटरी एकदम लागत असतील तर व्होल्टेज तपासणारा रिले जोडा आणि कोडमध्ये दोन-तीन मिनिटांचा थांबा ठेवा.