सक्सीड: कधी यश, कधी गादी

तुझे प्रश्न दोन आहेत. बँकेच्या इंटरव्ह्यूत "आय सक्सीडेड टु क्लिअर द एक्झाम" म्हटलं तर चालेल का, आणि पेपरात "सावंत सक्सीडेड पर्रीकर" असं आलं तर सावंतांनी पर्रीकरांना हरवलं असा अर्थ होतो का. दोन्हीचं उत्तर "नाही" असंच. आणि दोन्हीकडे घोळ एकाच ठिकाणी होतोय, सक्सीडच्या लगेच पुढे काय येतं ते आपण बघतच नाही.

यश सांगायचं असेल तर पुढे इन लागतो आणि क्रियापदाला आयएनजी. "शी सक्सीडेड इन गेटिंग द लोन." हे पाठ करायची गरज नाही, कारण मराठीत आपण "कर्ज मिळवण्यात यशस्वी झाली" असंच म्हणतो ना, त्या "मिळवण्यात"मधलं मिळवणं म्हणजे गेटिंग आणि शेवटचा त म्हणजे इन. मग चूक होते कुठे, तर ट्राइड टु, मॅनेज्ड टु, फेल्ड टु ही सगळी शेजारची मंडळी टु घेऊन येतात आणि त्या ओघात सक्सीडच्या पुढेही आपण टु लावून मोकळे होतो. म्हणजे नापास झालास तर "फेल्ड टु क्लिअर" आणि पास झालास तर "सक्सीडेड इन क्लिअरिंग", इंग्रजीचा न्यायच तसला.

पण खरं सांगू, इंटरव्ह्यूत सरळ "आय क्लिअर्ड द एक्झाम" म्हण. सक्सीड हा जरा इस्त्री केलेला शब्द आहे, मोठ्या खटपटीनंतरच्या यशाला शोभतो. "आय सक्सीडेड इन कॅचिंग द चोडण फेरी" म्हणालास तर व्याकरण बरोबर, पण ऐकणाऱ्याला वाटेल रायबंदरच्या धक्क्यावरून पोहत जाऊन पकडलीस. तिथे "मॅनेज्ड टु कॅच" बरं. आणि "आय सक्सीडेड द एक्झाम" तर कधीच नको, त्याचा अर्थ परीक्षेनंतर तिच्या जागी तू आलास असा होईल!

कारण सक्सीडच्या पुढे थेट माणूस आला, मध्ये इन नाही, टु नाही, की अर्थ बदलतो. त्याच्यानंतर त्या पदावर आला, बस. हरवलं की पद सोडून दिलं की वारल्यामुळे जागा रिकामी झाली, यातलं काहीच तो शब्द सांगत नाही. मार्च 2019 मध्ये गोव्याचे मुख्यमंत्री पर्रीकर वारले आणि सावंत मुख्यमंत्री झाले, तर "सावंत सक्सीडेड पर्रीकर ॲज चीफ मिनिस्टर". उलटं फिरवून "पर्रीकर वॉज सक्सीडेड बाय सावंत", पेपरवाल्यांना हे दुसरं जास्त आवडतं. गंमत म्हणजे 2014 मध्ये पर्रीकर दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले तेव्हा पार्सेकर त्यांच्या जागी आले, आणि 2017 मध्ये पार्सेकरांच्या जागी परत पर्रीकर, म्हणजे तीच दोन नावं आणि सक्सीडेड दोन्ही दिशांनी.

दोन्ही अर्थ एका वाक्यात बसवायचे तर ताईंचं, म्हणजे शशिकला काकोडकरांचं उदाहरण घे. 1973 मध्ये त्यांचे वडील, मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गेले आणि त्या मुख्यमंत्री झाल्या, नंतर 1977 ला परत सत्तेत आल्या. "शी सक्सीडेड हर फादर इन 1973 अँड सक्सीडेड इन रिटर्निंग टु पॉवर इन 1977." पहिल्या सक्सीडेडपुढे फादर, दुसऱ्यापुढे इन. आता "इन 1973" बघून गोंधळू नकोस हां, तो सालाचा इन आहे, त्याच्यापुढे आयएनजी नाही.

टु चालतो तो गादीला नाहीतर इस्टेटीला. "चार्ल्स सक्सीडेड टु द थ्रोन इन 2022." आपल्याकडे गोव्यात तर सक्सेशन हा शब्द इंग्रजी न येणाऱ्यालाही माहीत असतो, घरातलं माणूस गेलं की एक-चौदावर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, नाव चढवायच्या आधी कोणीतरी विचारतंच, सक्सेशन डीड, म्हणजे वारस कोण ते ठरवणारा दस्त, झालं काय? वारसाहक्काचा 2012 चा गोव्याचा कायदा आहे त्याच्या नावातही सक्सेशन आहेच. पण बोलताना "आय सक्सीडेड टु माय ग्रँडफादर्स हाऊस" कोणी म्हणत नाही, "इनहेरिटेड" म्हण. सक्सीड टु वकिलांना राहू दे.

आणखी एक वापर शाळेत कोणी शिकवत नाही, टोमण्याचा. "ही ओन्ली सक्सीडेड इन मेकिंग इट वर्स." सासू-सुनेचं भांडण मिटवायला गेला आणि आणखी पेटवून आला, त्याला हे वाक्य फिट्ट. यश आहे, पण भलत्याच कामात. मला तर रोजच्या बोलण्यात सक्सीड सगळ्यात जास्त इथेच उपयोगी पडतो.

स्पेलिंगमध्ये सी दोनदा आणि पुढे ई दोनदा, उच्चारताना जोर "सीड"वर. प्रोसीड, एक्सीडचा शेवटही असाच लिहितात, पण सुपरसीड मात्र एस-ई-डी-ई, अर्ज लिहिताना तेवढं सांभाळ.